जाड पायांची अक्षरं: स्लॅब सेरिफ फॉन्ट घडवतानाच्या नोंदी

३ जून

आजपासून काम सुरू. छपाईच्या जुन्या साधनांवर एक छोटं प्रदर्शन उभं राहतंय, त्यातल्या इंग्रजी मजकुरासाठी फॉन्ट हवाय. भिंतीवर वीतभर उंचीचे मथळे, आणि प्रत्येक वस्तूशेजारी अकरा पॉइंटात चार-सहा ओळींची माहिती. प्रदर्शनात लाकडी टाइपही आहे आणि टाइपरायटरही. दोन्हींवर भेटणारं वळण एकच, स्लॅब सेरिफ, म्हणून तेच घ्यायचं ठरलं.

रॉकवेल, क्लॅरेंडन किंवा फुकट मिळणारा रोबोटो स्लॅब, कुठलाही तयार फॉन्ट चालला असता. पण हे अक्षर आतून कसं उभं राहतं ते मला बघायचंय. कुणाला असंच काम करायचं असेल तर माझे वाया गेलेले तास त्यांच्या उपयोगी पडावेत, म्हणून या नोंदी.

स्लॅब सेरिफ म्हणजे काय ते एकदाच सांगून ठेवते. रोमन अक्षराच्या उभ्या रेघेला वर-खाली जे आडवे पाय असतात, ते सेरिफ. पुस्तकी टाइपात ते बारीक आणि निमुळते असतात. स्लॅबमध्ये ते विटेसारखे चौकोनी आणि जवळजवळ उभ्या रेघेइतकेच जाड असतात.

साहित्य: फॉन्टफोर्ज (फॉन्ट काढायचं सॉफ्टवेअर, फुकट), साधा लेझर प्रिंटर, भिंग, आलेखाचा कागद. अंदाज: सहा आठवडे.

५ ते १५ जून

अकरा दिवस वाया गेले.

मी जुन्या नमुना-पुस्तकाच्या (टाइप विकणाऱ्याच्या कॅटलॉगच्या) स्कॅनवरून अक्षरं गिरवायला घेतली. हे वळण छापील रूपात पहिल्यांदा दिसतं ते लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुना-पुस्तकात, ज्यावर १८१५ साल आहे. त्याने नाव दिलं होतं ‘अँटिक’. फक्त मोठी अक्षरं, काळीभोर, पायांना कुठेही गोलावा नाही. मोठं आकर्षण वाटलं. स्कॅन मोठा केला, मागे ठेवला आणि कडेकडेने नोड (बाह्यरेषा ठरवणारे बिंदू) टाकत गेले. बावीस अक्षरं झाल्यावर छापून पाहिलं, तर सगळी अक्षरं ओल्या मातीची केल्यासारखी दिसत होती.

कारण भिंगाखाली कळलं. मी अक्षर गिरवत नव्हते, शाई गिरवत होते. खिळा (अक्षराचा धातूचा ठोकळा) कागदावर दाबला की शाई कडेने बाहेर सरकते. रेघ मूळ धातूपेक्षा जाड होते, बाहेरचे कोपरे बोथट होतात आणि आतले कोपरे भरून येतात. ठसा कोरणाऱ्याने हे गृहीत धरून धातूत रेघ थोडी हडकुळी ठेवलेली असते. छापलेल्या ठशावरून गिरवलं आणि पुन्हा छापलं की तोच फुगवटा दुसऱ्यांदा चढतो.

बावीसच्या बावीस अक्षरं काढून टाकली. स्कॅन आता फक्त शेजारी उघडा ठेवते, बघण्यापुरता. आकार आलेखाच्या कागदावर स्वतः मोजून काढायचे.

१६ जून

मापं ठरवली. एका अक्षराच्या चौकटीची उंची १००० एकक. मोठ्या अक्षरांची उंची ७००, लहान अक्षरांची एक्स-उंची (लहान एक्सची, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या रेघा सोडून) ५१०, मोठ्या अक्षरांची उभी रेघ १५०. गोल अक्षरं वर-खाली १२ एकक बाहेर, नाहीतर ओ हा एचपेक्षा बुटका दिसतो.

१९ जून

स्लॅबमध्ये पाय रेघेइतकेच जाड असतात हे वाचून मी उभी रेघ १५०, पाय १५० आणि मधल्या आडव्या रेघाही १५० ठेवल्या. १५० जाडीचा एक आयत केला आणि सगळीकडे चिकटवत गेले. एच, ई, एफ, एल, टी, आय एका संध्याकाळी झाले. इतक्या झटपट झाले तेव्हाच शंका यायला हवी होती.

छापून भिंतीवर लावलं आणि सहा पावलं मागे आले. प्रत्येक अक्षराचे पाय रेघेपेक्षा जाड दिसत होते. ई तर पिंजऱ्यासारखा. ७०० उंचीत १५० च्या तीन आडव्या रेघा म्हणजे ४५० काळं. उरलेलं पांढरं २५०, दोन भागांत १२५ प्रत्येकी. काळ्या पट्टीपेक्षा पांढरी पट्टी अरुंद झाली होती.

एवढ्यावरून दोन गोष्टी कळल्या. एक, डोळ्याला आडवी रेघ तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. सारखी दिसायला हवी असेल तर आडवी कमी करावी लागते. दोन, मी नकळत एका वेगळ्याच घराण्याकडे निघाले होते. आडवं जाड आणि उभं बारीक असं मुद्दाम उलटवलेलं अक्षर कॅसलन अँड कॅथरवुड या फाउंड्रीने (टाइप ओतणाऱ्या कारखान्याने) १८२१ मध्येच ‘इटालियन’ नावाने काढलं होतं. पुढे फ्रेंच क्लॅरेंडन म्हणून जे वळण आलं त्यात पाय रेघेपेक्षा कितीतरी जाड. अमेरिकी सर्कशींच्या आणि काउबॉय चित्रपटांच्या पोस्टरांवर दिसतं ते. तिथे ते शोभतं, कारण दोन-चार शब्दच असतात आणि दुरूनच ओळख पटवायची असते. मला माहिती वाचायला द्यायची आहे.

दुरुस्ती: उभी १५०, आडवी आणि पाय १२२. ईमधली पांढरी पट्टी आता १६७. पुन्हा भिंतीवर लावलं. आता सगळ्या रेघा एकाच जाडीच्या ‘दिसतात’.

२१ जून

मोठा ए. टोकावर पाय द्यायचा की नाही? रॉकवेलमध्ये टोकावर दोन्ही बाजूंना पट्टी आहे. देऊन पाहिलं. मथळ्यात छान, पण शेजारी व्ही आला की वरची पट्टी व्हीच्या पायाला धडकते. काढून टाकली.

२३ जून

डब्ल्यू. वरचे तीन पाय एकमेकांत घुसले. मधलं टोक बिनपायाचं केलं आणि दोन्ही बाजूंचे पाय आतल्या बाजूने २० एकक कापले. चार तास.

२६ जून

आज काम थोडं, वाचन जास्त. मोठी अक्षरं संपली आहेत आणि लहान अक्षरांना हात घालायचा आहे. त्याआधी हे वळण मुळात आलंच कुठून ते समजून घ्यायचं होतं. फिगिन्सने लहान अक्षरं काढली नव्हती. म्हणजे ती त्याला नको होती, की जमली नव्हती?

त्याची गरज माझ्याहून वेगळी होती, एवढं स्पष्ट झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिराती, लॉटरीची पत्रकं, भिंतीवर डकवायचे कागद यांचा पूर आला होता. तोवरचा टाइप हा पुस्तकासाठी, हातभर अंतरावरून वाचण्यासाठी घडवलेला. भिंतीवरून ओरडणारं अक्षर हवं झालं, तेव्हा आधी पुस्तकी अक्षराच्या जाड रेघा फुगवून ‘फॅट फेस’ आला. त्यात बारीक रेघा केसासारख्याच राहिल्या. दुरून त्या गायब होतात आणि अक्षराचे नुसते काळे तुकडे दिसतात. स्लॅबने नेमकं तेच सोडवलं: बारीक काही ठेवायचंच नाही.

‘इजिप्शियन’ या नावाने मात्र मला अर्धा दिवस घोळात टाकलं. नेपोलियनच्या मोहिमेनंतर आणि १८०२ मध्ये रोझेटा शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आल्यानंतर लंडनमध्ये इजिप्तचं वेड होतं. त्या नावावर काहीही खपायचं. १८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅसलनने ‘इजिप्शियन’ म्हणून जो टाइप दाखवला, त्याला पायच नव्हते! तो छपाईतला पहिला सॅन्स सेरिफ. पुढे रॉबर्ट थॉर्नच्या मृत्यूनंतर त्याची फाउंड्री विल्यम थोरोगुडने १८२० मध्ये विकत घेतली आणि तिथले जाड पायांचे टाइप ‘इजिप्शियन’ म्हणून विकले. तेव्हापासून ते नाव स्लॅबला चिकटलं. म्हणून जुन्या नमुना-पुस्तकांत शोधताना नावावर जाऊ नका, चित्र बघा. ‘अँटिक’ म्हणजे कुठे स्लॅब, तर फ्रेंच वापरात सॅन्स. मी दोन फाइली चुकीच्या उतरवून घेतल्या.

३० जून ते ९ जुलै

लहान अक्षरं. सगळ्यात अवघड टप्पा हाच, त्यामुळे इथे जरा थांबते.

लहान ए घ्या. दुमजली ए: वरची कमान, मधून निघणारं पोट, खालची बैठक. तीन आडवे थर. लहान अक्षरांसाठी मी उभी रेघ १३८ आणि आडवी ११८ धरली होती. ५१० उंचीत ११८ चे तीन थर म्हणजे ३५४, उरलं १५६. दोन पांढऱ्या खिडक्या प्रत्येकी ७८. चोवीस पॉइंटात ठीक वाटलं. बारा पॉइंटात छापून भिंग लावलं तर पोटाची खिडकी म्हणजे टाचणीचं भोक. ई, एस आणि जी यांचीही तीच गत.

इथे मी पुन्हा चुकीच्या दिशेने गेले. एक्स-उंची ५१० वरून ५५० केली. खिडक्या उघडल्या, पण लहान अक्षरं मोठ्यांच्या खांद्याला लागली आणि बी, डी, एच यांच्या वरच्या रेघा तोकड्या दिसू लागल्या. सगळं परत खाली आणलं. तीन संध्याकाळी गेल्या.

मार्ग सापडला तो क्लॅरेंडनमध्ये. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेझ्लीने १८४५ मध्ये तो बाजारात आणला. ठसे कोरले बेंजामिन फॉक्सने. त्याचं काम पोस्टरवर ओरडण्याचं नव्हतं. चालू मजकुरात, शब्दकोशासारख्या पुस्तकात, साध्या अक्षराशेजारी बसून एखादा शब्द उठून दिसावा यासाठी तो होता. आज आपण ज्याला सहज ‘बोल्ड’ म्हणतो ते काम. म्हणजे छोट्या आकारातलं जाड अक्षर हा माझाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. क्लॅरेंडन डोळे बारीक करून पाहिलं की दिसतं, तिथे सगळ्या रेघा सारख्या नाहीत. उभी रेघ जाड, पण पोट उभ्या रेघेला मिळतं तिथे पोटाची रेघ स्पष्टपणे बारीक होते. पाय रेघेला नुसते चिकटवलेले नाहीत, कोपऱ्यात हलका गोलावा भरलेला आहे. ए, सी, एफ, आर यांच्या टोकांना गोल थेंब आहेत, म्हणजे काळेपणा आतून काढून बाहेर टांगला आहे.

बेझ्लीने या वळणाची १८४२ च्या कायद्याखाली नोंदणी केली होती. संरक्षण तीनच वर्षांचं. मुदत संपताच बाकीच्या फाउंड्र्यांनी नकला काढल्या. माझ्यासाठी त्या नकला उपयोगाच्या ठरल्या: एकच कल्पना पाच जणांनी कशी सोडवली ते शेजारी ठेवून बघता येतं.

मग ए असा केला: वरची कमान ८४, मधला थर ७०, खालची बैठक ८४. एकूण २३८. पांढऱ्याला २७२ मिळाले, आधीच्या जवळजवळ पावणेदोनपट. उभी रेघ १३८ च ठेवली. भिंगाखाली ए स्वच्छ उघडा दिसला आणि लांबून मात्र पूर्वीइतकाच काळा. ती प्रत मी टेबलासमोर टाचून ठेवली आहे. एकाच कागदावर आठ ए, ११८ पासून ७० पर्यंत उतरत जाणारे. तिसऱ्यापर्यंत डोकं मान्य करत नाही, पाचव्याला डोळा निवांत होतो.

११ जुलै

एम. तीन खांब, प्रत्येकाखाली पाय, आणि दोन खांबांमध्ये १९० एकक जागा. आतले पाय ९० चे होते. ९० अधिक ९० म्हणजे १८०. मध्ये दहा एककांची फट. छापल्यावर खालची बाजू सलग पट्टी झाली, शिरोरेषा उलटी खाली लागावी तशी. आतले पाय ६० केले, फट ७० झाली. बाहेरचे पाय ७५ च. हेच गणित एन, एच, यू यांना लावलं. एका घरातले सगळे पाय सारखे असले पाहिजेत हा माझा हट्ट इथे सुटला.

१४ जुलै

एक संध्याकाळ फुकट. दुरुस्त केलेला फॉन्ट बसवला तरी पानावर जुनाच ए येत होता. दोन तास बाह्यरेषेत दोष शोधला. दोष नव्हताच, संगणक त्याच नावाचा जुना फॉन्ट आठवणीतून दाखवत होता. तेव्हापासून प्रत्येक वेळी नावातच क्रमांक घालते.

१८ जुलै

अक्षरांमधली जागा. साध्या अक्षरासारखी दोन्ही कडांना ५० एकक मोकळी ठेवली होती. शब्द सुटे सुटे दिसत होते, दात पडल्यासारखे. स्लॅबमध्ये रेघेच्या बाहेर ७५ चा पाय आधीच जागा खातो. त्यापुढे ५० म्हणजे शेजारच्या दोन उभ्या रेघांमध्ये २५०. एनच्या पोटातली जागा २३०. बाहेरचं आतल्यापेक्षा जास्त झालं की शब्द तुटतो.

कडेची जागा १८ वर आणली. आता रेघ ते रेघ १८६. ओला पायच नाहीत, त्याला ५०. कसोटीसाठी एन-एन-ओ-एन-ओ-ओ आणि एच-एच-ओ-एच-ओ-ओ अशा ओळी पानभर छापल्या.

आज ओळखीचे एक काका आले होते. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं खिळे जुळवण्यात घालवली. मी प्रूफ पुढे केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद उलटा धरला, वरचं खाली, आणि हाताच्या अंतरावर नेला.

“काका, उलटा धरलात,” मी म्हटलं.

“अगं, सरळ धरला की माणूस वाचायला लागतो. वाचू नकोस, नुसतं बघ. इथे बघ, इथे काळोख साचलाय.” त्यांचं बोट जिथे थांबलं तिथे आर आणि ए शेजारी होते.

त्यानंतर तासभर मी पानं उलटी करून बघत बसले. सात जोड्या सापडल्या. सरळ वाचताना एकही दिसली नव्हती.

२२ जुलै

पहिलं मोठं अपयश, आणि कबूल करायला हवं असं. संपूर्ण माहिती-पाटी अकरा पॉइंटात छापली. वाचवत नाही. अक्षर उघडं आहे, जागा नीट आहे, तरी सहा ओळींचा तो ठोकळा भिंतीवरच्या डागासारखा दिसतो. एकाच जाडीत मथळा आणि मजकूर दोन्ही भागवायचे, हा माझा पहिल्या दिवसाचा निर्णयच चूक होता.

इतिहासाने हे सरळ सांगितलं होतं आणि मी वाचूनही मनावर घेतलं नाही. फिगिन्सचं अक्षर भिंतीसाठी. क्लॅरेंडन मजकुरात, पण एखाद्या शब्दापुरतं. जाड पायांचं अक्षर सलग मजकुरासाठी आलं तेव्हा ते बरंच हलकं होऊन आलं. लायनोटाइप या छपाईयंत्रांच्या कंपनीने १९२५ मध्ये वर्तमानपत्रांसाठी काढलेलं आयोनिक नं. ५ हे क्लॅरेंडनच्याच रक्ताचं. पण रेघा मध्यम, पोटं मोठी, एक्स-उंची भरपूर, कारण वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर, खरखरीत कागदावर शाई भरून अक्षरं बुजत होती. १९९० मध्ये पेटर मॅथियास नूर्डझाइ यांचा पीएमएन सेसिलिया आला. त्याचे पाय चौकोनी आहेत, पण रेघ हलकी आणि हाताच्या लिखाणाची लय असलेली. तो पुढे किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर वापरला गेला. पडद्याचे ठिपके कमी असले की केसासारखी रेघ तुटते. सारख्या जाडीची टिकते.

निर्णय: दुसरी, हलकी जाडी काढायची. उभी रेघ ८८, आडवी ६६.

२३ जुलै ते १ ऑगस्ट

आणखी नऊ संध्याकाळी अशाच गेल्या, आणि त्या सहज टळल्या असत्या.

हेतू असा होता की अक्षरं एकदा अगदी हलकी काढायची आणि ती व जाड अक्षरं यांच्या मधली हवी ती जाडी फॉन्टफोर्जकडून करून घ्यायची. त्यासाठी दोन्ही जाड्यांत प्रत्येक अक्षराचे नोड संख्येने आणि क्रमाने सारखे लागतात. मी जाड फॉन्टच्या मूळ फाइलवरच ‘ओव्हरलॅप काढा’ चालवलं होतं. त्यामुळे खांब, पाय, पोट असे वेगळे तुकडे वितळून एकच बाह्यरेषा झाली होती, आणि जोडांवर जागोजागी नको ते नोड उगवले होते. हलक्या अक्षरांशी काहीही जुळेना. एनमध्ये तर पाय वळून कमानीत शिरला.

शेवटी हलकी जाडी पूर्ण हाताने काढली. तुम्ही करत असाल तर तुकडे वेगळे असलेली मूळ फाइल कधीही बिघडवू नका. ओव्हरलॅप काढायचा तो फक्त बाहेर द्यायच्या प्रतीवर.

५ ऑगस्ट

हलक्या जाडीत पायाच्या कोपऱ्यात गोलावा भरायचा की काटकोन ठेवायचा, यावर दोन दिवस घालवले. काटकोन म्हणजे १९२९ नंतरची जर्मन वाट: स्टेम्पेल फाउंड्रीसाठी रुडॉल्फ वोल्फचा मेम्फिस, १९३० चा गेऑर्ग ट्रम्पचा सिटी. त्यानंतर १९३४ मध्ये मोनोटाइप कंपनीचा रॉकवेल. कंपास आणि पट्टीने काढल्यासारखी, सगळीकडे एकच जाडी. नावं पुन्हा इजिप्तचीच: मेम्फिस, कर्नाक, कैरो. सिटीचा चौकोनीपणा तर पॉल रँडच्या १९५६ च्या आयबीएम चिन्हात उतरला आणि अजून डोळ्यांसमोर आहे.

मला हे घराणं मथळ्यात फार आवडतं. मजकुरात नाही. काटकोनाचा पाय नजर जागीच थांबवतो, तर गोलावा असलेला तिला पुढच्या अक्षराकडे ढकलतो. दोन्ही प्रकारांत एकच परिच्छेद छापला, चौघांना वाचायला दिला. तिघांनी गोलाव्याचा निवडला. मथळ्याच्या जाडीत काटकोन ठेवले, मजकुराच्या जाडीत १८ एककांचा गोलावा. शुद्धतावाद्यांना हे खटकेल. शेजारी लावल्यावर मला तरी भांडण दिसत नाही.

९ ऑगस्ट

अंक आणि आय, एल. प्रदर्शनातल्या वस्तूंना अनुक्रमांक आहेत, त्यात मोठा आय, लहान एल आणि एकचा आकडा शेजारी येतात. स्लॅबचा इथे निखळ फायदा: मोठ्या आयला वर-खाली पूर्ण पट्ट्या, एलला वर फक्त डावीकडे, एकला कलती चोच. तिन्ही लांबूनही वेगळे.

टाइपरायटरने पाय का ठेवले हेही याच दिवशी हाताला कळलं. टाइपरायटरच्या पाटीसाठी एक समरुंद नमुना करून पाहिला, प्रत्येक अक्षर ६०० एकक रुंद, कूरियरमध्ये असतं तसं. पाय नसलेला आय त्या ६०० मध्ये काठीसारखा एकटा पडतो आणि दोन्हीकडे खड्डे होतात. लांब पाय दिले की तो आपली जागा भरतो. हॉवर्ड केटलरने १९५० च्या दशकात आयबीएमसाठी कूरियर केला त्यात आयचे पाय म्हणून इतके पसरट. नमुना अर्धाच ठेवला, पाटीवर कूरियरच लावणार.

१६ ऑगस्ट

भिंतीवरचे मथळे व्हाइनिलमध्ये कापून आले. वीतभर उंचीला जे दोष दिसतात ते कागदावर कधीच दिसले नव्हते. एसच्या पाठीवर एक सपाट ठिकाण. बाह्यरेषेत एक नोड वळणाच्या मधोमध पडला होता. नोड वळणाच्या टोकांवरच हवेत: सगळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सहा नोड कमी केले आणि एस सुटला. तीन मथळे पुन्हा कापावे लागले.

लाकडी टाइपाच्या कपाटापुढे उभी राहिले तेव्हा या गोष्टीचं वजन कळलं. धातूचे इतके मोठे खिळे जड, महाग आणि ओततानाच वाकडे व्हायचे, म्हणून न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र बनवलं, आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला. एक नमुना करायचा आणि त्यावरून लहान, मोठं, रुंद, अरुंद हवं ते कोरून घ्यायचं. मी महिनाभर पडद्यावर जे ओढतेय तेच. त्या खिळ्यांमधल्या एका एसवरून बोट फिरवलं. कुठेही सपाट लागलं नाही.

२४ ऑगस्ट

हिशोब, मागणाऱ्यांसाठी. सहा आठवड्यांचा अंदाज, झाले जवळपास बारा. साधारण १७० तास, त्यातले साठेक वर लिहिलेल्या चुकांत. छापलेले कागद ३४० च्या आसपास. दोन जाड्या, प्रत्येकी ८२ अक्षरं आणि चिन्हं. ‘अँड’चं चिन्ह अजून मला पटलेलं नाही; मथळ्यांत ते टाळलं आहे.

२९ ऑगस्ट

पाट्या लावून झाल्यावर एक दोष निघाला. सहा पाट्यांवर ‘मॉडर्न’ हा इंग्रजी शब्द आहे. त्यात आर आणि एन शेजारी येतात. आरचा उजवा पाय आणि एनचा डावा पाय अकरा पॉइंटात एकमेकांना टेकले, दोघांचा मिळून एम झाला आणि शब्द ‘मोडेम’ वाचला जातोय. काकांचं बोट आर आणि एवर थांबलं होतं तेव्हा मी ती एकच जोडी सुधारली, आरच्या बाकी जोड्या तपासल्या नाहीत.

आरचा उजवा पाय १६ एकक कापला, आर-एन जोडीत १४ एककांची जागा वाढवली. आरसोबत येणाऱ्या सगळ्या लहान अक्षरांचं पान छापलं आणि उलटं धरून पाहिलं. आर-एम जोडीतही तेच होतं, तेही सोडवलं. सहा पाट्या पुन्हा छापायला पाठवल्या. फॉन्टचा क्रमांक आता एकतीस.